ब्लॉकचेनचा तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी जिनिंगमधली गंजी पाहून या

गावातल्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की ब्लॉकचेनमुळं, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकसारखी ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीमुळं, गठाणीवरचा (दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीवरचा) क्यूआर स्कॅन केला की थेट शेतकऱ्याचं वावर दिसणार, नोंद एकदा झाली की खोटेपणा होऊच शकत नाही, दलाल संपणार, अन् वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीनं आंबा कुठून आला हे 2.2 सेकंदात शोधलं तर आपला कापूस का नाही. आमच्या घरी कापूस आहे, मी दोन हंगाम जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, काट्यावर पावत्याही फाडल्या, म्हणून एकेक घेतो.

पहिलं वावराचं. 170 किलोच्या एका गठाणीला साधारण 5 क्विंटल कापूस लागते, क्विंटलमागं 33-34 किलो रुई (सरकी काढलेला कापूस), बाकी बहुतेक सरकी. पण हे 5 क्विंटल एकाच वावरातले नसतात भाऊ! दिवसभर मेटाडोर, ट्रॅक्टर, बंड्या येतात, वजन झालं की सगळ्यांचा माल एकाच गंजीवर (ढिगावर) खाली होते. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस अन् फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाचा) खराब, कवडीवाला एकत्र, वरून जेसीबीनं उलटापालट, मग रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर. कोणाची रुई कोणत्या गठाणीत गेली हे तिथं उभ्या माणसालाही सांगता येत नाही, तर ते मशीनला कुठून कळणार. 2022 मध्ये सुरू झालेल्या कस्तुरी कॉटन भारत या भारतीय कापसाच्या ब्रँडमध्ये गठाणीला क्यूआर आहे, मागं ब्लॉकचेनही आहे, अन् ते काम चांगलंच आहे, गठाण कोणत्या जिनिंगची, तिचा दर्जा काय, पुढं कोणत्या सूतगिरणीत गेली हे त्यातून कळू शकते. पण गंजी एकच असेल तर वावरापर्यंत नाही पोचता येत.

दुसरं, खोटेपणा. आत गेलेली नोंद मागून गुपचूप बदलणं लय अवघड असते, कारण प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली अन् प्रती अनेकांकडं, हे शंभर टक्के मान्य. पण आत काय टाकलं? मागच्या हंगामात आमच्या एकाच गाडीतल्या कापसाचा ओलावा एका ठिकाणी 11 आला अन् दुसरीकडं 14, त्याच दिवशी. हमीभावानं घेणारी सरकारी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात करते अन् 12 च्या वर घेतच नाही, म्हणजे त्या तीन आकड्यांत गाडी परत येते. तो 14 ब्लॉकचेनवर चढवला असता तर चुकीचा आकडाच कायमचा पक्का झाला असता. अन् क्यूआरचं म्हणाल तर 2020 मध्ये गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रवाल्यांनी आपल्याच देशातली फसवणूक पकडली, सरकारी वेबसाइटची हुबेहूब नक्कल केलेली, खोट्या कागदावरचा क्यूआर स्कॅन केला की ती नकली साइटच उघडायची. तब्बल 20,000 टन कापसाचा मामला होता.

दलालाचं तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात फिरून कापूस घेणारा दलाल, दारात येते, रोख देते, बाजाराच्या दिवशी वेचणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे असतात, किराणा असते, दवाखाना असते, उधारीवर बियाणं-खत त्यानंच दिलेलं असते. हमीभाव जास्त आहे हे काय आमच्या बापाला माहीत नाही? पण पैसे खात्यात येईपर्यंत थांबायची ताकद नसते. यातलं एकही कारण नोंदवहीचं नाही, मग नोंदवही बदलून ते कसं जाणार.

वॉलमार्टच्या आंब्याचं खरं आहे, आधी त्याला जवळपास 7 दिवस लागायचे. पण ते माल कुठून आला हे शोधण्याबद्दल होतं, शेतकऱ्याच्या भावाबद्दल नाही, शिवाय एवढा मोठा खरेदीदार पुरवठादारांना माहिती भराच म्हणू शकते. जहाजांच्या कंटेनरसाठी मर्स्क ही जहाज कंपनी अन् आयबीएमनं ट्रेडलेन्स नावाचं ब्लॉकचेनचंच काम काढलं होतं 2018 मध्ये, तंत्रज्ञान होतं, पैसा होता, तरी 2023 च्या सुरुवातीला बंद केलं, कारण सगळा धंदा मिळून त्यावर आलाच नाही. इथं तर दोन जिनिंगवाले एकमेकांना आजचा भाव सांगत नाहीत.

मागायचंच असेल तर हे मागा: वजन अन् ओलावा दोन्ही आकडे काट्यावर गाडी उभी असतानाच शेतकऱ्याच्या मोबाईलवर यावेत, अन् चांगल्या कापसाची गंजी वेगळी लागावी, तिच्या जागेचे अन् मजुरीचे पैसे महाग सूत घेणाऱ्यानं द्यावेत. मोबाईलवरच्या आकड्याला साधा एसएमएस पुरते.