रंगीत भिंतींच्या आत कोण राहतं?

अंबाबाई मंदिर परिसराच्या १,४४५ कोटींच्या आराखड्याला मे २०२५ मध्ये राज्य सरकारची मंजुरी मिळाली. तेव्हापासून अमेरिकेतल्या आमच्या कोल्हापूरकर मंडळींत एकच सूर आहे. महाद्वार रोड मोकळा करा, दुकानं लांब कुठेतरी हलवा, काळ्या दगडाच्या इमारतींवर रोषणाई करा, मग बघा शहर कसं खुलतंय! माझं मत वेगळं आहे, आणि ते ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरात काम करताना पक्कं झालं.

मी भूलतज्ज्ञ आहे. एका स्वयंसेवी पथकाबरोबर तिथे गेले होते. हर्निया, पित्ताशयातले खडे, लहान मुलांचे दुभंगलेले ओठ अशा शस्त्रक्रिया होत्या. दिवसभर काम आणि संध्याकाळी शहरात पायी भटकंती.

शहर देखणं आहे, यात वादच नाही. दगडगोट्यांनी बांधलेले रस्ते, त्यांच्या दोन्ही बाजूंना बुटकी घरं. एक भिंत गेरूच्या रंगाची, पुढची हळदीसारखी पिवळी, तिच्या पुढची गर्द निळी. सांता कातालिनाची पिवळी कमान रस्त्यावरून आडवी जाते. मठातल्या जोगिणींना लोकांच्या नजरेस न पडता पलीकडे जाता यावं म्हणून ती सतराव्या शतकात बांधली. कमानीतून समोर आग्वा ज्वालामुखी दिसतो, आणि पश्चिमेला फ्युएगो अजूनही धूर सोडत असतो. दुकानांवर पाट्या लहानच. चकाकत्या किंवा रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या लावायला मनाई आहे, भिंतीला कोणता रंग द्यायचा यालाही नियम आहेत. बाहेरच्या बड्या बर्गर कंपनीलासुद्धा तिथे जुन्या घराच्या अंगणातच बसावं लागलंय. हे मात्र आपण जसंच्या तसं उचलावं. भाऊसिंगजी रोडवर वाढदिवसाच्या डिजिटल फलकांमागे टाऊन हॉल शोधावा लागतो, त्याचं दुःख मला इथे बसूनही होतं.

पण हे शहर टिकलं कसं? १७७३ च्या भूकंपात ते कोसळलं आणि १७७६ मध्ये राजधानी दुसरीकडे नेली. पैसेवाले, अधिकारी, चर्चचे वरिष्ठ निघून गेले. ज्यांना जाणं परवडत नव्हतं त्यातले बरेच मागे राहिले आणि पडक्या भिंतींच्या आडोशानं त्यांनी संसार मांडले. नवं काही बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं उरलं. पुढे १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आज त्या रंगीत दारांच्या आत हॉटेलं आहेत, कॅफे आहेत, स्पॅनिश शिकवणारे वर्ग आहेत, राजधानीतल्या श्रीमंतांची सुट्टीची घरं आहेत. भाडी अशी चढली आहेत की तिथे राबणारी माणसं आसपासच्या गावांतून बसनं येतात.

आमच्याकडे एक बाई आली होती. डोंगरातल्या गावची, अंगात हातमागावर विणलेला पोलका. ती काक्चिकेल ही तिथली माया भाषा बोलायची, तिची भाची ते स्पॅनिशमध्ये सांगायची आणि दुभाषी आम्हाला इंग्रजीत. कमानीचा रस्ता पाहिलात का, असं मी सहज विचारलं. तिकडे लोक माल विकायला जातात, आमचं तिथे काय काम, असं उत्तर तीन भाषांतून फिरून माझ्यापर्यंत पोचलं. त्या उत्तरानं मला महाद्वार रोड आठवला.

तिथे आमच्या काकांचं बांगड्यांचं छोटं दुकान आहे. फोनवर मी आराखड्याचा विषय काढला तर म्हणाले, "पोरी, तिकडं बसून सांगायला काय जातंय तुमचं? मंदिर मोठं व्हायला कुणाची ना आहे? पण आम्हाला कुठं टाकणार ते कागदावर लिहून द्या म्हणावं." माणूस विकासाच्या आड येत नाहीये, तो फक्त आपली जागा मागतोय. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशात गेला, त्याच्या आधीपासून गडावरच्या रहिवाशांना हीच धास्ती होती. त्यांना अडाणी ठरवणारे संदेश मी वाचले तेव्हा मला फार राग आला. बाजारपेठ उठवून उरलेल्या मोकळ्या फरशीला मी कोल्हापूर म्हणू शकत नाही.

अँटिग्वात मला सगळ्यांत मोलाची वाटली ती पर्यटकांच्या नकाशावर क्वचितच ठळक दिसणारी जागा, आम्ही काम करत होतो ते रुग्णालय. सॅन पेद्रो चर्चला लागून जुन्या वास्तूत ते आहे. एर्मानो पेद्रो हा साधू १६५१ मध्ये ग्वाटेमालात आला आणि आजारातून उठलेल्या गरिबांसाठी त्यानं याच शहरात इस्पितळ काढलं. त्याच्याच नावानं आजचं काम चालतं. जाड भिंती, मधे अंगण, कमानींच्या ओवरीत बाकांवर बसलेले रुग्ण. तिथे तो वारसा कामाला लागलेला होता.

आपल्याकडे हे आहेच की! सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. मेजर चार्ल्स मँट यांनी टाऊन हॉल आणि नवा राजवाडा आखला, तशीच ही इमारतही. संस्थानकाळापासून त्या दगडी कमानींखाली केसपेपरची रांग लागते आहे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, थेट तळकोकणातून माणसं येतात. गर्दी आहे, गैरसोय आहे, आणि नव्या शस्त्रक्रियागृहांसाठी नवी इमारतच हवी हे डॉक्टर म्हणून मला मान्य आहे. शेंडा पार्कला मोठ्या सरकारी रुग्णालयाचं काम सुरू आहे, त्याचं मनापासून स्वागत. पण ते पुरं झाल्यावर जुनी सीपीआर 'वारसा हॉटेल' करा, असं आमच्यातल्या एकानं सुचवलं आणि दहा जणांनी अंगठे दिले. माझा त्याला ठाम विरोध आहे. बाह्यरुग्ण विभाग, डायलिसिस, प्रसूतीपूर्व तपासणी ही रोजची कामं तिथेच राहावीत. एसटीनं किंवा वडापनं आलेल्या म्हातारीला गावाच्या मध्यावर डॉक्टर भेटला पाहिजे. दगडावर उगवलेले पिंपळ काढायला, गळकं छप्पर नीट करायला आम्ही परदेशातल्यांनी जरूर पैसे द्यावेत. मी देईन. आत कोण बसणार हे मात्र तिथल्या रांगेतल्या माणसांना विचारून ठरावं.