‘कळलं ना?’ एवढ्यावर भागत नाही

मराठीत लिहिणाऱ्यांमध्ये दर काही महिन्यांनी एक वाद नव्याने पेटतो: शुद्धलेखनाचे नियम हवेत कशाला? बोलणारे बदलतात, मुद्दे तेच. भाषा प्रवाही असते, नियम मूठभरांनी लादले, आणि शेवटी हुकमी वाक्य: “अर्थ कळला ना? मग झालं.” जर्मनीत राहून हे वाचताना चीड येते. हीच मंडळी जर्मन शिकायला घेतात, तेव्हा ‘दास’ या शब्दात एक एस की दोन (das की dass), हे बी-२ या पातळीच्या भाषापरीक्षेसाठी घोकून ठेवतात. तिथे परीक्षकाला “कळलं ना?” असे विचारायची कोणाची प्राज्ञा नसते. सूट फक्त मराठीकडून हवी असते.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. बोली अशुद्ध नसते. कोणी ‘पानी’ म्हटले म्हणून त्याला हसणे हा उर्मटपणा आहे, आणि ‘शुद्ध’ या शब्दाने अनेकांना दुखावले आहे. ‘प्रमाणलेखन’ म्हणा. पण हे नियम जिभेसाठी केलेलेच नाहीत, ते कागदासाठी आहेत.

आणि आहेत तरी किती? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, १९७२मध्ये चार वाढवले. एकूण अठरा. त्यांतला रोज लागणारा भाग एका संध्याकाळी समजून घेता येतो, आणि एकदा समजला की मग जी गोडी लागते ती सुटत नाही. ‘वकील’ म्हणून पाहा: आवाज ‘की’वर रेंगाळतो, म्हणून दुसरी वेलांटी. ‘वकिलाला’ म्हणा: रेंगाळणे पुढे सरकते आणि वेलांटी पहिली होते. फूल-फुलाला, गरीब-गरिबाचा, वसूल-वसुली, सगळे त्याच चालीने. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ रूप सोडत नाहीत. म्हणून ‘जमीन’ची ‘जमिनीत’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीरात’च राहते; म्हणूनच ‘मंदिर’ आणि ‘गुण’ हे ‘वकील’सारखेच अकारान्त असूनही त्यांतले ‘दि’ आणि ‘गु’ ऱ्हस्व. शेवटच्या अक्षराचा न्याय मात्र वेगळा: ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, पण ‘कविसंमेलना’त शिरला की ऱ्हस्व; ‘बुद्धी’ आणि ‘बुद्धिमान’ तसेच. एखादा शब्द समोर आला, तो कोणत्या घरचा ते ओळखले आणि वेलांटी आपोआप जागेवर बसली, यात जे समाधान आहे ते “चालतंय” म्हणणाऱ्याला कधीच मिळणार नाही.

आता त्या “कळलं ना?”कडे येतो. सूचनाफलकावर ‘विद्यार्थ्याचे शुल्क माफ’ असे लिहिले तर एकाचे माफ झाले. ‘विद्यार्थ्यांचे’ लिहिले तर सगळ्यांचे. मध्ये फक्त एक टिंब आहे. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा, हा नियम न शिकल्यामुळे ‘लोकाना’, ‘मुलानी’ अशी रूपे आता छापूनही येतात. हेच टिंब आदरही दाखवते: ‘शिक्षकांनी सांगितले’ हे एका शिक्षकांबद्दलही असू शकते, तर ‘शिक्षकाने’ लिहिले की माणूस एकेरीवर येतो.

टंकलेखनातल्या चुका वेगळ्या, त्यांची कारणेही वेगळी. ‘शेतकऱ्यांना’ऐवजी ‘शेतकर्यांना’ दिसते, कारण र, हलन्त, य असे टंकले की संगणक रफार देतो. त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ लागतो. इनस्क्रिप्ट या कळफलकात तो ‘र’च्याच कळीवर आहे, शिफ्ट दाबून. भेद किरकोळ नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करायचे असते, आचाऱ्यांना जेवण किती जणांचे ते सांगायचे असते. दुसरी चूक मोबाइलमुळे फोफावली: सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा सुटते, म्हणून ‘पावसा मुळे’, ‘घरा साठी’. शब्दयोगी अव्यय नामाला चिकटूनच हवे. सुटलेला ‘पावसा’ एकटा उभाच राहू शकत नाही. तीच गत ‘काय ?’ची. प्रश्नचिन्हाआधी जागा सोडली, की ओळ संपताना ते बिचारे खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडते.

विरामचिन्हांवर तर वाद घालायचीही कोणाला गरज वाटत नाही, ती सरळ गाळली जातात. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली, म्हणून ती परकी असे कोणी म्हणेल. असोत परकी. ‘नाही सांगितले होते’ आणि ‘नाही, सांगितले होते’ यांत एका स्वल्पविरामाने अर्थ उलटा होतो. इथे जर्मनीत जिन्यात लावलेल्या पुट्झप्लानमध्येही, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांच्या कागदातही, स्वल्पविराम जागेवर असतो, आणि तो कागद लावणारा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, कोणी विद्वान नसतो.

“मोडीत एकच वेलांटी चालायची, तेव्हा कुठे अडलं?” हा त्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नसत, शब्द तोडत नसत, विरामचिन्हे नव्हती, हे खरेच. पण त्या कागदांचा वाचक बहुधा व्यवहार जाणणारा असे. छापलेला मजकूर अनोळखी माणसापर्यंत जातो. “कळलं ना?” हे ओळखीतल्यांना विचारता येते, अनोळखी वाचकाला विचारायला लेखक तिथे हजर नसतो.

मी आता तसाच अनोळखी वाचक झालो आहे, आणि माझ्या चिडीचे मूळ बहुधा तिथेच आहे. बोली रोज बदलते, आणि ती बदलते तेव्हा मी तिथे नसतो. नवे शब्द माझ्यापर्यंत उशिरा येतात, माझ्या वाक्यांत क्रियापदे नको तिथे जाऊन बसतात. बोलण्यावर हक्क सांगायला गेलो तर कोणीही मला गप्प करू शकेल. लेखनाचे अठरा नियम मात्र मी जिथे सोडले तिथेच आहेत, आणि तेवढ्या जागेत मी पाहुणा नाही. ते मोडीत काढा असे कोणी म्हटले, की माझ्या घराचा उरलेला भाग पाडायला निघाल्यासारखे वाटते. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

तरीही नियम बदलूच नयेत असे माझे म्हणणे नाही. जर्मनांनी बदलले. १९९६मध्ये करार, १९९८पासून शाळा आणि कचेऱ्यांत अंमल, २००५पर्यंत जुन्या-नव्याला सवलत, २००६मध्ये पुन्हा दुरुस्ती. मध्यंतरी प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले, श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या मतदारांनी सुधारणा फेटाळली, फ्रांकफुर्टर आल्गेमाइने हे वृत्तपत्र २०००मध्ये जुन्या लेखनाकडे परतले. भांडणारे स्वल्पविरामावरून भांडत होते, कारण त्यांना त्याची किंमत होती. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, ऑक्टोबर २०२४मध्ये, जल्लोष झाला. त्यातला थोडा उत्साह इकडे वळवा. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचा अपवाद काढायचा असेल तर जरूर काढा, पण ‘मंदीर’ आणि ‘गूण’ लिहायची तयारी ठेवून, पाठ्यपुस्तके, कोश आणि संगणकातले शुद्धलेखन-तपासक एकाच तारखेला बदलून, आणि सवयीसाठी काही वर्षे देऊन. तसा निर्णय झाला तर मीही नवे नियम शिकेन.