विरोध धर्माला नव्हे, धर्मसत्तेला
येशू धर्माविरुद्ध उठला, हे लेखातलं विधान पटलं नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय नीट वाचा. जेरुसलेमच्या यहुदी मंदिराचा कर अर्धा शेकेल (त्या काळचं चलन), तोही सोर या बंदराच्या शहरातल्या चांदीच्या नाण्यात. म्हणून नाणी बदलून द्यायला मंदिराच्या आवारात सराफ बसायचे. कोकरू न परवडणाऱ्या गरिबाचं अर्पण म्हणजे कबुतरं. येशूने उलथले ते नेमके सराफांचे चौरंग आणि कबुतरवाल्यांच्या बैठका! तिथे त्याने मंदिराला उद्देशून वापरलेले ‘लुटारूंची गुहा’ हे शब्दही यिर्मया या यहुदी संदेष्ट्याचेच. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला ‘याजकाकडे जा, मोशेने नेमलेलं अर्पण कर’ असं सांगणाराही तोच (मार्क १:४४). आणि येशूला दोषी ठरवणारा मंदिराचा महायाजक कयफा? त्याचं पद रोमनांच्या मर्जीवर होतं. पुढे विटेलियस या रोमन अधिकाऱ्यानेच त्याला हटवलं. क्रूसाची शिक्षाही रोमनांचीच.