संवेग म्हणजे नुसता गुणाकार नव्हे

इंदूरच्या आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतोय. बारावीच्या मुलांचा वेळ वाचावा म्हणून दिलेला सल्ला आहे. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्यात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, यापलीकडे त्याला अर्थ नाही. गतिज ऊर्जा (अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) कळली की संवेग वेगळा समजून घ्यायची गरज नाही. आणि संवेग अक्षय्य राहतो तो फक्त घर्षण नसलेल्या पुस्तकी जगात, रस्त्यावर नाही. तिन्ही विधानं चुकीची आहेत. बरीच वर्षं हा विषय शिकवतेय; हे वाचून मुलं सूत्र पाठ करतील आणि विषय हातचा जाईल, या काळजीनं लिहायला बसले.

ऊर्जेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. एक गाडी 1,000 किलोची, सेकंदाला 10 मीटर वेगानं चाललेली. दुसरी 500 किलोची, पण 20 मीटर वेगाची. दोघींचा संवेग सारखाच, 10,000. ऊर्जा मात्र पहिलीची 50,000 जूल आणि दुसरीची 1,00,000. आता दोघींना 5,000 न्यूटनचा ब्रेक लावा. दोघी बरोबर 2 सेकंदांत थांबतात. पण पहिली 10 मीटरवर, दुसरी 20 मीटरवर. ठरावीक बलानं थांबवायला किती वेळ लागेल ते संवेग सांगतो, किती अंतर लागेल ते ऊर्जा. एकावरून दुसऱ्याचं काम भागत नाही. शिवाय संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं सतराव्या शतकात दिशा सोडून दिली आणि त्याचे टकरीचे नियम चुकले. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं ती धरली तेव्हा हिशोब जुळला.

हे हाताला जाणवतंसुद्धा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. धार जोरात असताना पाव फेरीत बंद होणारा नळ खटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो, नळावरचा हात हादरतो. अर्ध्या इंचाच्या 10 मीटर पाइपात साधारण सव्वा किलो पाणी असतं. ते सेकंदाला 2 मीटर वेगानं धावत असेल तर संवेग झाला अडीच. तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपवायचा तर सव्वाशे न्यूटन लागतात, म्हणजे साडेबारा किलोचं ओझं, तेही पाइपाच्या एवढ्याशा तोंडावर. जुनी, फिरवत बंद करायची तोटी तेच पाणी दोन सेकंदांत थांबवते आणि पाइप मुका राहतो. संवेग दोन्ही वेळा तेवढाच गेला, फक्त वेळ बदलला. माझी एक विद्यार्थिनी हे घरी करून आली, तेव्हापासून तिला आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, हे काय असतं ते पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता 'नुसता गुणाकार'. याचं खंडन करायला इंदूरबाहेर जायचीही गरज नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला आपण अजून कॅट या जुन्या नावानंच ओळखतो, इंडस-2 नावाचं इलेक्ट्रॉन फिरवणारं 172.5 मीटर परिघाचं कडं आहे. त्यात इलेक्ट्रॉन 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेनं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. त्यांचं वस्तुमान आणि वेग गुणून जे उत्तर येतं, त्याच्या सुमारे 4,900 पट त्यांचा खरा संवेग आहे. कशावरून? त्यांना वळवणाऱ्या चुंबकांवरून: संवेग जितका जास्त, तितकं वळण मोठं. 1.5 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात तो इलेक्ट्रॉन साधारण साडेपाच मीटर त्रिज्येचं वळण घेतो. शाळेतला गुणाकारच खरा असता तर ती त्रिज्या जेमतेम एक मिलिमीटर भरली असती! ते सूत्र खोटं नाही, कमी वेगापुरतं आहे. आणि त्या कड्यातून जो प्रकाश बाहेर पडतो त्याला तर वस्तुमानच नाही, तरीही संवेग आहे: ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. 2010 मध्ये जपानचं इकारोस यान अवकाशात शीड पसरून सूर्यप्रकाशाच्या याच रेट्यावर ढकललं गेलं. शून्य गुणिले वेग करत बसलो तर हे कसं समजावणार?

राहिलं घर्षण. दोन गाड्यांची धडक होते तेव्हा त्या शतांश सेकंदांत रस्त्याचं घर्षण फारसं काही करू शकत नाही. म्हणून तर अपघाताचा तपास करणारे घसरल्याच्या खुणांवरून धडकेनंतरचा वेग काढतात आणि संवेगाच्या हिशोबानं मागे जाऊन धडकेआधीचा. पत्रा चेपण्यात किती ऊर्जा गेली ते नेमकं सांगणं अवघड, संवेग मात्र तसा चेपलेल्या पत्र्यात जिरत नाही. रस्त्यावर त्याचाच आधार असतो.

पलासियाच्या सिग्नलला रिक्षा ब्रेक मारते तेव्हाही तिचा संवेग नाहीसा होत नाही, टायरच्या घर्षणातून रस्त्याला म्हणजे पृथ्वीला मिळतो. पृथ्वी इतकी जड की आपल्याला कळत नाही. राजवाड्याहून निघताना त्याच चाकांनी तिला तेवढंच मागे रेटलेलं असतं.