पहिले मूड की पहिले मैदान?

"पोट्ट्यांचं टेन्शन घालवायले क्लासवाल्यांनी शनिवारची टेस्ट रद्द केली, आन् पोट्टे ढोल वाजवून राहिले! वाचलं का पेपरात?" नागपूरच्या शंकरनगर चौकातल्या टपरीवर मास्तर आले ते तापूनच. "आमच्या काळी टेन्शन-बिन्शन काही नव्हतं."

"होतं ना मास्तर. छडीच्या भीतीनं कोणी सांगत नव्हतं," ताई म्हणाली. ती कॉलेजात समुपदेशन करते.

"दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आणला, तो काय ढोल वाजवून?"

"मंग बुद्धिबळ कोणत्या सिलॅबसमध्ये होतं?"

मास्तरांनी बिडी पेटवली.

"पण ताई," भाऊ म्हणाला, "मूडच नसला तर पोट्टा खेळीन कसा?"

प्रश्न खरा होता. ताईनं चहा बाजूला ठेवला. उदास पोर आधी खेळणं सोडतं, मग मित्र टाळतं. आनंदाच्या गोष्टी आटल्या की उदासी आणखी दाटते. पीटर लुइन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात हेच चक्र मांडलं. म्हणून मूडची वाट पाहायची नाही, आधी काहीतरी करायचं, तेही अगदी थोडं. "क्लासवरून आला की अंबाझरीकडे 10 मिनिटं सायकल. जायच्या आधी मनाले 10 पैकी किती मार्क, आल्यावर किती, लिहून ठेवायचं. काय कामी येते, पोट्ट्यालेच दिसते."

"रील चालते का?"

"पाहून झाल्यावर मार्क देऊन पाय."

मला तर राग येतो तो आपल्या घरांचा. मार्क घसरले की पहिलं काय बंद होतं? क्रिकेट, नाहीतर तबला. पोर बुडायला लागलं की त्याच्या हातातली फळीच आपण ओढून घेतो.

"आन् जीव द्यायची भाषा करत असला तर?" भाऊनं हळूच विचारलं.

"तवा ढोल नाही. एकटं सोडायचं नाही. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 लावायचा, डॉक्टरकडे न्यायचं. त्याच दिवशी."

क्षणभर कोणी बोललं नाही.

"तरी बाकी सारे लाडच," मास्तर पुटपुटले.

"लाड?" भाऊ म्हणाला. "रिटायर झाल्यावर तोंड पाडून बसले होते, तवा रोज रात्री माह्या दुकानात कॅरम खेळायले कोण येत होतं?"

"येत होतो! आन् तू राणी कव्हर न करता खिशात घातली होती!"

"केली होती कव्हर!"

"कवा बे? पांढरी तर बोर्डावरच होती!"

ताईला हसू आवरेना. मास्तरांनी बिडी विझवली. "काढ बे बोर्ड. आत्ताच दाखवतो."