नजर, पिशवी आणि ‘शहाणपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बाळंतपणानंतर किती रक्त जातं ते नजरेनं न ठरवता कमरेखाली आकडे छापलेली पिशवी लावून मोजा, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘अनुभवी सिस्टर नुसत्या नजरेनं सांगते किती रक्त गेलं ते. तिच्या हातात विलायती पिशवी देऊन तुम्ही शहाणपणा विकताय.’ पुढे रस्ते, रिकामी पदं, बंद फ्रीज असं बरंच आहे, त्याकडे येतेच. पण ‘शहाणपणा विकताय’? मतभेद असू द्या, त्यासाठी हिणवायलाच हवं का?

एक चूक आधीच कबूल करते. त्या लेखात मिसोप्रोस्टॉल (हा रक्तस्राव रोखणारं औषध) ‘६०० मिलिग्रॅम’ असं पडलं होतं. ते मायक्रोग्रॅम हवं, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या. टंकताना झालं, दुरुस्त केलंय. आभार. ‘निदान डोस तरी धड लिहा’ हे शेपूट नसतं तर जरा जास्त मनापासून मानले असते.

आता ‘विलायती’. अहो, ती पिशवी बेळगावात वापरून सिद्ध झालीय! तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर खेड्यांतल्या बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉलची चाचणी घ्यायची होती. रक्त मोजल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे कळणार कसं? म्हणून आकडे छापलेली पारदर्शक पिशवी. २००६ साली निकाल आला : ५०० मिलि किंवा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर. नजर आणि पिशवी यांची तुलनाही तिथेच झाली. नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला.

यात सिस्टरचा अपमान कुठे आला? रक्त मॅकिंटॉशच्या (टेबलावरच्या रबरी कापडाच्या) घडीत साठतं, पॅडमध्ये मुरतं, बादलीत गर्भजलाबरोबर मिसळतं. मोठी धार कुणालाही दिसते. तासभर चाललेली बारीक गळती दिसत नाही, आणि जास्त घात तीच करते. तरण्या बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, आधी नाडी वाढते. बीपी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. बऱ्याच रजिस्टरांत रक्तस्रावाच्या रकान्यात ओळीनं १५०, २००, १५० असे गोल आकडे दिसतात. ते मोजलेले नसतात, लिहिलेले असतात. एकवीस वर्षं लेबर रूममध्ये उभी आहे आणि माझ्या स्वतःच्या नजरेवरही मी हे सोपवत नाही. तुमचा अनुभव किती, ते विचारायचा मोह आवरतेय.

पिशवी वापरतानाही चुका होतात. बाळ बाहेर येऊन गर्भजल वाहून गेलं की मगच ती कमरेखाली सरकवायची, नाहीतर पाणीच मोजलं जातं. पिशवीच्या नाड्या पोटाभोवती बांधायच्या. टेबलाची डोक्याकडची बाजू किंचित वर हवी, म्हणजे रक्त पाठीखाली न जाता पिशवीत उतरतं. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी खाली वाकून, आकडा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. उभ्यानं वाचलेला आकडा चुकतो. भिजलेले गॉज वजन करून, कोरं वजन वजा करून धरायचे. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलि. पिशवी नसेल तर किडनी ट्रेमध्ये धरून मापाच्या भांड्यात ओता. विकत घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

३०० मिलि आणि सोबत नाडी जलद, किंवा सरळ ५०० मिलि, की एकेक करत वाट बघायची नाही. गर्भपिशवी चोळणं, गर्भपिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रानेक्सामिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत (बाळंतपणापासून तीन तासांच्या आत), सलाइन, आणि वार पूर्ण आली का, कुठे फाटलंय का ही तपासणी, सगळं एकदम. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशी पिशवी आणि हे उपचार एकत्र वापरून गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये छापून आलंय. हे देश तुमच्या ‘विलायती’त बसतात का, पाहा.

राहिले रस्ते, रिकामी पदं आणि फ्रीज. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, वीज गेली की त्याचा जोर उतरतो, हे खरंच आहे. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला ५०० मिलिसुद्धा झेपत नाही आणि तीच रस्त्यापासून सर्वांत लांब राहते, हेही खरं. पण तो या लेखाचा विषय नव्हता. त्यावर तुम्ही स्वतः लिहा, मी वाचेन.

‘मायक्रोग्रॅम’ केलंय. पान पुन्हा उघडून खात्री करून घ्या.