चौघांच्या माथी मारलेली दहा वर्षं

चीनच्या सांस्कृतिक क्रांतीबद्दल, म्हणजे १९६६ ते १९७६ मधल्या 'पक्षशत्रूं'विरुद्धच्या हिंसक मोहिमेबद्दल, एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: माओ म्हातारा आणि आजारी होता. त्याची बायको च्यांग चिंग आणि चांग चुनचाओ, याओ वेनयुआन, वांग हाँगवेन या तिच्या तीन साथीदारांनी त्याला अंधारात ठेवून दहा वर्षं देश पेटवला. शेवटी पुढे चीनचा सर्वेसर्वा झालेल्या डेंग शाओपिंगने ही चांडाळचौकडी पकडली आणि चीन सुटला. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. ते खोडायला हवं, कारण मेलेल्या माणसांचा प्रश्न आहे.

आधी तो 'आजारी' माओ. जुलै १९६६ मध्ये ७२ वर्षांचा माओ वुहानला यांगत्सी नदीत पोहला आणि ते फोटो देशभर छापले गेले. ५ ऑगस्टला त्याने स्वतः 'मुख्यालयावर (म्हणजे पक्षाच्याच वरिष्ठ नेत्यांवर) तोफा डागा' हे भित्तिपत्रक लिहिलं. रोख राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओचीवर होता. १८ ऑगस्टला तिआनानमेन चौकात रेड गार्ड्सच्या, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांच्या, अफाट गर्दीसमोर त्याने दंडाला त्यांची लाल पट्टी बांधून घेतली. अंधारात ठेवलेला माणूस असं वागतो का? तो खंगला १९७० नंतर, तोवर सर्वांत रक्तरंजित काळ सरत आला होता.

आता चौकडी. १९६६ मध्ये ती चौकडी म्हणून नव्हतीच. वांग हाँगवेन तेव्हा शांघायच्या १७ नंबर सूतगिरणीत सुरक्षा विभागात नोकरीला होता. हाय रुई या जुन्या काळातल्या अधिकाऱ्यावरच्या नाटकावर तुटून पडणारा, सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी ठरलेला नोव्हेंबर १९६५चा लेख याओ वेनयुआनने लिहिला, त्यामागे च्यांग चिंग आणि चांग चुनचाओ होते, हे खरंच आहे. पण तो छापण्याआधी माओच्या नजरेखालून गेला होता. जानेवारी १९६७ मध्ये चांग आणि वांग यांनी शांघायची सत्ता हिसकावली, तीही माओच्या आशीर्वादाने. गिरणीतला वांग १९७३ मध्ये थेट पक्षाचा उपाध्यक्ष झाला, कारण माओने त्याला बोट धरून वर आणलं. आणि 'चौघांची टोळी करू नका' अशी तंबी त्यांना १९७४-७५ मध्ये देणारा माओच होता. त्याने तंबी दिली, पण पदांवरून कुणालाच हटवलं नाही.

माणसं मारली कुणी? इनर मंगोलियात सरकारी आकड्यानुसारच १६,२२२ लोक मेले. कथित फुटीरतावाद्यांना हुडकण्याची ती मोहीम तंग हायछिंग या लष्करी अधिकाऱ्याने चालवली. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीतल्या कत्तलींमागेही लष्कर, स्थानिक पक्षनेते आणि त्यांच्या सशस्त्र टोळ्या होत्या. लिऊची चौकशी करणाऱ्या पथकाचा प्रमुख सर्वांचा लाडका पंतप्रधान चौ एन लाय होता. ऑक्टोबर १९६८ मध्ये लिऊला पक्षातून काढण्याच्या ठरावावर फक्त छन शाओमिन या एका बाईने हात वर केला नाही. बाकी सभागृहात च्यांग चिंगचे शत्रूही बसले होते, आणि त्यांनीही हात वर केले. पुढच्या वर्षी लिऊ काइफेंगमध्ये कैदेतच मेला.

अटकेचं श्रेय डेंगचं नाही. एप्रिल १९७६ मध्ये त्याची सगळी पदं काढून घेतली होती. माओ ९ सप्टेंबरला गेला आणि ६ ऑक्टोबरच्या रात्री चौघांना पकडलं ते माओचा वारसदार हुआ गुओफेंग, लष्कराचा मार्शल ये च्यानयिंग आणि माओच्याच रक्षकदलाचा प्रमुख वांग दोंगशिंग यांनी. डेंग परतला जुलै १९७७ मध्ये.

च्यांग चिंग निर्दोष होती, असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या ओळखीच्या कलावंतांवर तिने उगवलेला सूड भयंकर होता. पण १९८० च्या खटल्यात ती म्हणाली की मी माओंची कुत्री होते, ते ज्याला चाव म्हणाले त्याला मी चावले, तेव्हा निदान एवढं ती खरं बोलत होती. न्यायालयाने तिला फाशी सुनावली, अंमलबजावणी मात्र दोन वर्षं स्थगित ठेवली. आरोपीच्या पिंजऱ्यात माओचं नाव आलंच नाही.

जून १९८१ च्या ठरावात खुद्द चिनी कम्युनिस्ट पक्षाने लिहिलं की सांस्कृतिक क्रांती माओने सुरू केली आणि त्यानेच तिचं नेतृत्व केलं. पाठोपाठ त्याचं कर्तृत्व मोठं आणि चुका दुय्यम, असंही ठरवून टाकलं. पक्षाने मान्य केलं तेवढं तरी हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी मान्य करावं.